एकसष्ट रुपयांचा आहेर

मित्रांनो, मोठ्याने बोलण्याची मला जन्मापासून सवय आहे, म्हणून आज मुद्दाम हळू बोलतो. कान जरा जवळ आणा. मी एक जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवावर बांबूला बांधलेला असतो ना, धोतऱ्याच्या फुलासारखा, तोच. माझा काठ दोन ठिकाणी चेपला आहे, रंग उडाला आहे, आणि सध्या माझ्या पोटात एका कोंबडीने बिऱ्हाड केले आहे. तिच्याकडून मी भाडे घेत नाही. पण कोणाकडून काय यायचे आहे ते लक्षात ठेवायची खोड मला मालकाच्या घरी लागली, ती आता या वयात कुठे सुटणार?

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. अॅल्युमिनियमचा पत्रा साच्यावर धरून गरगर फिरवला, दाबला, काठ वळवला आणि झालो मी. मग एका माणसाने मला तार जोडली आणि माझ्या तोंडून म्हटले, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." माणसाचे मूल रडत जन्माला येते; आम्ही आकडे मोजत येतो.

बासष्ट साली धरणगावच्या पितांबरने मला जळगावहून विकत आणले. तोवर तो गावच्या जिनिंग फॅक्टरीत होता. कापसाच्या गठाणींवर निळ्या मेणकांडीने वजन आणि नंबर टाकायचे, हे त्याचे काम. पण जीव सगळा गाण्यात आणि यंत्रात. नोकरी सोडून त्याने एक मशीन, एक माइक, वीसेक रेकॉर्डी आणि मी एवढ्या भांडवलावर लाऊडस्पीकरचा धंदा मांडला. जिनिंगमधून येताना दोन गोष्टी मात्र तो सोबत घेऊन आला: खोकला आणि ती निळी मेणकांडी.

मेणकांडीचे नीट ऐकून ठेवा. पितांबर वही ठेवत नसे. "वही घरी राहते, कर्णा सोबत येतो," असे त्याचे म्हणणे. कोणाचे काम घेतले की माझ्या तोंडात, आतल्या बाजूला, नाव, दिवस आणि भाडे लिहायचे. पैसे आले की रॉकेलचा बोळा फिरवून पुसून टाकायचे. म्हणजे माझ्या तोंडात दिसेल ते येणे. काही दिसले नाही तर सगळे चुकते. लोक हसत. "पितांबर, तुझ्या कर्ण्याचे दात निळे झाले रे!" म्हणत. त्याची बायको सुमनबाई मात्र रोज सकाळी मला पुसताना आत डोकावून बघे, आणि एखादे नाव पंधरा दिवस तसेच दिसले की त्या घरी ताक मागायला जाई. ताक तर मिळेच, बहुतेक वेळा भाडेही मिळे.

ते माझे चांगले दिवस. जत्रेत हरवलेली मुले मी आईबापांना मिळवून दिली. कुस्त्यांच्या फडात पैलवानांची नावे पुकारली. विहिरीत औषध टाकले आहे, आज पाणी भरू नका, हेही सांगितले. "काय आवाज आहे!" असे लोक म्हणत तेव्हा पितांबर माझ्याकडे बघून मान डोलवी. आवाज त्याच्या मशीनचा होता, मी नुसता पत्रा. पण कौतुक वाटून घेताना आम्ही कधी हिशेब केला नाही.

मग सदुसष्टची निवडणूक आली. आमच्या भागात दोन उमेदवार, आणि दोघांनाही पितांबरच हवा. दोघांना नाही म्हणणे त्याच्या जिभेला जमले नाही. त्याने उधारीवर दुसरे मशीन घेतले, बॅटऱ्या घेतल्या, मला आठ भाऊ आणले. महिनाभर आम्ही सकाळी एकाचे गुण गायले आणि दुपारी दुसऱ्याचे. निकाल लागला. हरलेल्याने पैसे दिले नाहीत, कारण तो हरला होता. जिंकलेल्याने दिले नाहीत, कारण तो जिंकला होता. आमच्या नऊही जणांची तोंडे निळ्या अक्षरांनी भरली आणि तशीच राहिली. सुमनबाई दोन्ही घरी ताक मागायला गेली. ताकसुद्धा मिळाले नाही.

आता देणी ऐका. धरणगावचे कापडवाले लखीचंदशेठ यांचे चौदाशे. जळगावला बॅटऱ्या आणि रेडिओचे सामान विकणारे कौतिकभाऊ यांचे नऊशे. आणि वरणगावच्या फॅक्टरीतून नुकतेच निवृत्त झालेले जीवराम, सुमनबाईचे मावसभाऊ, यांनी आपल्या फंडातून दिलेले सातशे. एकूण तीन हजार. माझे आठही भाऊ विकले गेले, दुसरे मशीन गेले. ते सगळे व्याजात जिरले. मूळ तीन हजार होते तिथेच. निवडणुकीचे येणे बुडालेच, म्हणून त्या एकाच वेळी पैसे न येता माझे तोंड पुसले गेले.

कौतिकभाऊंनी कोर्टाची नोटीस धाडली त्या दिवशी पितांबरने सुरतेचे तिकीट किती ते स्टेशनावर जाऊन विचारले. आमच्या गावावरून सुरतेची गाडी जाते, आणि देणे झाले की माणसे त्या गाडीने जातात. तिथे गिरण्या आहेत आणि ओळखीचे कोणी नाही. सुमनबाई म्हणाली, "जा. पन हाऊ कर्णा डोकावर लई जा. नहीत मी लोकेसले काय सांगू, मालक गया नि तोंड मांगे ठी गया?" मालक गेला आणि तोंड मागे ठेवून गेला! पितांबर ओशाळून हसला आणि तिकिटाचे पैसे घेऊन वकिलाकडे गेला.

वकिलाने जळगावच्या कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने हप्तेबंदी करून दिली. हप्तेबंदी म्हणजे काय, ते सांगतो. कोर्टाने तिन्ही सावकारांना समोर बसवले, देणे तीन हजार ठरवले, पुढचे व्याज बंद केले, आणि हुकूम दिला की पितांबरने दर महिन्याच्या दहा तारखेला साठ रुपये कोर्टाने नेमलेल्या वकिलाकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, भरायचे. रिसीव्हर त्यातून लखीचंदशेठना अठ्ठावीस, कौतिकभाऊंना अठरा आणि जीवरामांना चौदा देणार. असे पन्नास हप्ते. तोवर पितांबरला कोणी घरी जाऊन हटकायचे नाही. पण पितांबरनेही कोणाला परस्पर काही द्यायचे नाही, आणि दोन हप्ते चुकले की हप्तेबंदी मोडली. मग मशीन, माइक आणि मी लिलावात.

अडुसष्टच्या जूनपासून दर दहा तारखेला पितांबर सकाळच्या पॅसेंजरने जळगावला जाऊ लागला. साठ रुपये रुमालात बांधायचे, रुमाल बंडीच्या आतल्या खिशात, आणि जळगाव येईपर्यंत हात त्या खिशावर. पावती आणली की सुमनबाई ती चुलीवरच्या तारेत अडकवी. घरात चहा गुळाचा झाला. सुमनबाई उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापून विकू लागली. पावत्या मात्र वाढत गेल्या, आणि एक गंमत झाली. पूर्वी लखीचंदशेठच्या दुकानावरून जाताना पितांबर मान खाली घालून पलीकडच्या बाजूने जायचा. आता तो समोरून जाऊन "रामराम शेठजी" म्हणू लागला. देणे तेवढेच होते, चाल बदलली होती.

एकोणसत्तरच्या ऑगस्टमध्ये एक हप्ता चुकला. पावसाळ्यात लग्ने नाहीत आणि गणपती यायचे होते. रिसीव्हरने लिहून पाठवले, "एक चुकला. आता जपा."

आणि मग आले ते लग्न. सत्तर सालचा मे महिना, आठ तारीख. लखीचंदशेठची मुलगी धनकुंवर हिचे लग्न. कर्णा अर्थातच पितांबरचा. तीन दिवसांचे, रोजचे वीसप्रमाणे साठ रुपये ठरले, आणि पितांबरने माझ्या तोंडात निळ्या अक्षरांत लिहिले: 'लखीचंद, लग्न, ३ दिवस, ६०.'

शेठजींचे घराणे मूळ राजस्थानचे, पण तीन पिढ्या धरणगावात काढल्यावर आहेर पुकारायची इथली रीत त्यांच्या मांडवातही शिरली होती. आहेर कोणी किती केला ते माइकवर सांगायचे, म्हणजे सगळ्या गावाने ऐकायचे. हे काम हिलालचे. एरवी तो कपडे शिवतो, पण माइक हातात आला की त्याला पंख फुटतात. त्याचा स्वतःचा दर होता. पाच रुपयांना नुसते नाव. अकरा रुपयांना 'श्रीमान'. एकवीसच्या वर 'दानशूर'. पाचवाला पुढच्या लग्नात अकरा देई, तो या 'श्रीमान'साठीच.

दुपारची पंगत बसली होती. तिघेही सावकार एकाच ओळीपाशी: शेठजी वाढप बघत उभे, कौतिकभाऊ आणि जीवराम जेवायला बसलेले. हिलालची यादी संपली, पण उत्साह संपला नव्हता. त्याची नजर मशीनपाशी बसलेल्या पितांबरवर गेली.

"मंडळी!" माझ्या तोंडून हिलाल ओरडला. "सकाळपासून आपण ज्यांची गाणी ऐकतोय ते पितांबरभाऊ साउंडवाले! त्यांचं नाव अजून यादीत नाही. भाऊ, रोज आमची नावं पुकारता, आज तुमचं पुकारू द्या की! का कर्ण्याला स्वतःच्या मालकाचं नाव येत नाही?"

पाचशे माणसे हसली. मला तार तोडून टाकता आली असती तर मी तोडली असती.

पितांबरच्या आतल्या खिशात रुमाल होता, त्यात परवाच्या हप्त्याचे साठ. लग्न आटोपून परस्पर जळगावला जायचे म्हणून सोबत ठेवलेले. वरच्या खिशात स्वतःचा असा एक रुपया. तो काही वेडा नव्हता. त्याच्या डोक्यातला हिशेब मला दिसत होता. आज हे साठ दिले तरी उद्या भाड्याचे साठ येणारच, परवा तेच भरू. हिशेब बरोबर होता. फक्त तो भर मांडवात, पाचशे माणसांसमोर, कान लाल झालेले असताना केलेला होता. त्याने रुमाल सोडला, त्यात आपला रुपया घातला आणि हिलालच्या हातात दिला.

"दानशूर पितांबरभाऊ साउंडवाले! एकसष्ट रुपये!" हिलालने दोनदा पुकारले, आणि मित्रांनो, मला ते दोन्ही वेळा दोन कोसांवर जाईल एवढ्या जोराने सांगावे लागले. पंगतीत कौतिकभाऊंच्या हातातली जिलबी तोंडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. जीवराम तर पान अर्धे टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सामान उतरवताना शेठजी आले. खूश होते. पितांबरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पितांबर, आवाज झकास होता. आणि भाड्याची काळजी करू नको, ते साठ मी तुझ्या खात्यात वळते केले. तेवढंच तुझं देणं कमी. काय?"

पितांबरने तोंड उघडले. शब्द आले ते दोनच: "बरं शेठजी."

घरी सुमनबाईने माझ्या तोंडात डोकावून बघितले. अक्षरे होती तशी. "भाडं?"

"शेठनी हिसाबमा धरं."

"कोनता हिसाबमा?"

पितांबर मशीनचे झाकण बसवत राहिला. झाकण आधीच बसले होते.

दहा तारीख गेली. पावती आली नाही. आठवड्याभरात कौतिकभाऊ आणि जीवराम यांनी मिळून कोर्टात अर्ज दिला: हा माणूस आमचा हप्ता भरत नाही आणि श्रीमंतांच्या लग्नात एकसष्टचा आहेर करतो, हप्तेबंदी मोडून मिळावी. रागावलेली माणसे बेरीज-वजाबाकी करत नाहीत. जून उजाडला, सुटी संपून कोर्ट उघडले, आणि कोर्टाचा बेलिफ दारात आला. मशीन, माइक, मी, तिघेही जप्त. जाताना सुमनबाईने मला फडक्याने एकदा पुसले, बाहेरून. आतले तसेच ठेवले. तिथे अजून येणे होते ना.

सुनावणीच्या दिवशी आम्हाला कोर्टाच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवले होते. मला तोंड भिंतीकडे करून टेकवले होते, वर्गात शिक्षा केलेल्या मुलासारखे. मला सगळे ऐकू येत होते. जन्मभर मी दुसऱ्यांचे बोललो. त्या दिवशी पहिल्यांदाच मला स्वतःचे एक वाक्य बोलायचे होते, आणि तार नव्हती.

न्यायाधीशसाहेब वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी विचारले, "पितांबर, मे महिन्याचा हप्ता भरला नाही, खरं?"

"खरं, साहेब."

"आणि एकसष्ट रुपये आहेर केला?"

"केला, साहेब."

"साहेब!" जीवराम उभे राहिले. फॅक्टरीतली शिस्त म्हणून ताठ उभे राहिले. "मी याचा मेव्हणा. माझ्या नातवाच्या बारशाला यानं सव्वा रुपया दिला होता. सव्वा! मी म्हटलं, असू दे, अडचणीत आहे. आणि तिकडं एकसष्ट?"

"जीवरामनाना," पितांबर पुटपुटला, "पुकारलं हो त्यानं. माइकवर."

"मी बारशाला माइक लावायला हवा होता म्हणजे!"

पट्टेवाला हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कौतिकभाऊंना विचारले, "तुम्ही या सामानाचे व्यापारी. लिलावात किती येतील?"

कौतिकभाऊंनी कोपऱ्यात नजर टाकली. "मशीन तीनशे. माइक साठ-सत्तर. कर्णा..." आणि त्यांनी नाक मुरडले, "तीस. तोही चेपलेला नसेल तर. दाखवा बघू इकडे."

तीस! पण अपमान गिळायला मला वेळच मिळाला नाही. पट्टेवाल्याने मला उचलले आणि तोंड सगळ्यांकडे केले.

साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "आत काय लिहिलंय?"

कारकून वाकून मोठ्याने वाचू लागला: "लखीचंद, लग्न, तीन दिवस, साठ."

शेठजींच्या मुलीच्या लग्नात त्यांच्याकडे भाडे मागणे पितांबरला तेव्हा जमले नव्हते आणि आता तर भर कोर्टात मुळीच जमणार नव्हते. बोलली ती सुमनबाई, भिंतीला टेकून उभी होती तिथूनच. "साहेब, ती आमनी वही शे. पैसा उनात का पुसतस. हाई अजून पुसेल नही."

"म्हणजे भाडं आलेलं नाही?"

"नही साहेब. बठ्ठा गावनं पुसाय गयं, हाईच राहिनं." सगळ्या गावाचे पुसले गेले होते, एवढेच उरले होते.

साहेब शेठजींकडे वळले. "लखीचंदशेठ, खरं का?"

लखीचंदशेठ वहीच्या बाबतीत खोटे बोलणारा माणूस नव्हता. "भाडं रोख दिलं नाही, साहेब. पण बुडवलंही नाही. त्याच्या खात्यात वळतं केलं."

"कुठल्या खात्यात?"

"माझ्या वहीतल्या."

"शेठजी, या माणसाचं खातं दोन वर्षं झाली तुमच्या वहीत नाही. ते या कोर्टात आहे. तुम्ही साठ रुपये परस्पर वळते केलेत. त्यातले अठ्ठावीस तुमचे. बाकीचे बत्तीस कुणाचे?"

कौतिकभाऊ खुर्चीतच शेठजींकडे वळले. "म्हणजे माझे अठरा तुमच्या वहीत गेले? मी इथं पितांबरवर ओरडतोय, आणि माझे अठरा तुमच्याकडे?"

"आणि माझे चौदा," जीवराम म्हणाले.

शेठजींचा चेहरा उतरला. त्यांना वाटले होते आपण पितांबरवर उपकार केला. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. सवय वाईट होती. तीन पिढ्यांत जे वहीत धरले ते धरले, त्यात तिसऱ्याचा हिस्सा असू शकतो हे त्यांच्या मनात आले नव्हते.

"आणि तुम्ही," साहेब पितांबरला म्हणाले, "तुमची बाजू याहून बरी नाही. तुम्ही काय आहेर केलात, माहीत आहे? त्या एकसष्टमध्ये अठ्ठावीस या शेठजींचेच होते. त्यांचेच पैसे त्यांच्याच मुलीला. अठरा यांचे. चौदा तुमच्या मेव्हण्यांचे. तुमचा आहेर एक रुपया. बाकीचं दुसऱ्यांचं, तुम्ही नुसतं पुकारून घेतलंत."

मी इतकी वर्षे आकडे बोललो, पण इतका नेमका हिशेब कधी माझ्या तोंडून गेला नव्हता. पितांबरने दोन्ही हात जोडले. डोळ्यांतले पाणी पुसायला एकही हात मोकळा राहिला नाही.

साहेबांनी पुढे विचारले, "कौतिकभाऊ, हप्तेबंदी मोडू? चारशेच्या लिलावात तुमच्या वाट्याला एकशेवीस येतील. ठेवली तर अजून पाचशे चार यायचे आहेत. तुम्हीच सांगा."

कौतिकभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजले. सगळ्यांना दिसत होते की रागाची बेरीज आता सुरू झाली. "ठेवा, साहेब," ते म्हणाले. आणि मग जरा खालच्या आवाजात, "मशीन गेलं तर हा भरणार कशातून?"

जीवराम म्हणाले, "ठेवा. पण पुढच्या बारशाला बघून घेईन."

शेठजींनी तिथल्या तिथे साठ रुपये मोजून रिसीव्हरकडे दिले. मे महिन्याची पावती फाटली. सुमनबाई पुढे आली, पदराचे टोक ओले केले आणि माझ्या तोंडात फिरवले. मेण पाण्याने निघत नाही. अक्षरे फिकट झाली, पूर्ण गेली नाहीत. "घर गये का राकेल लावसू," ती मला म्हणाली. ते राहूनच गेले.

त्यानंतर पितांबरचा एकही हप्ता चुकला नाही. बहात्तरच्या ऑगस्टमध्ये त्याने पन्नासावा हप्ता भरला. त्या दिवशी तो जळगावहून आला तेव्हा हात खिशावर नव्हता. दोन्ही हात हलवत, स्टेशनावरून घरापर्यंत शीळ घालत आला. लोकांना वाटले याला लॉटरी लागली.

अजून एक सांगतो आणि थांबतो. चौऱ्याहत्तर साली पितांबरच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले. मी मांडवावर होतो, फुकट. आहेर पुकारायला हिलालच. जीवराम वरणगावहून आले, अकरा देऊन 'श्रीमान' झाले आणि नंतर सव्वा रुपया वेगळा काढून म्हणाले, "हा बारशाचा, परत." लखीचंदशेठ आले तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या, कापडाचे एवढे मोठे दुकान, काय देतात बघू. शेठजींनी पाकीट हिलालच्या हातात दिले. हिलालने उघडले आणि अडखळला. त्याच्या दरपत्रकात या रकमेला काही शब्दच नव्हता. तो हळूच म्हणाला, "एक रुपया."

"मोठ्यानं सांग," शेठजी म्हणाले. "त्याचा आहेर सांगितला होतास तसं."

"लखीचंदशेठ यांच्याकडून, एक रुपया!"

मांडव खो-खो हसला. म्हातारे एकमेकांना कोपराने ढोसू लागले, बघ, पैसेवाले असेच असतात. हसले नाहीत ते तिघे: शेठजी, पितांबर आणि सुमनबाई. शेठजी पितांबरजवळ गेले आणि म्हणाले, "कोर्टातून येऊन आहेरातले साठ तुला परत केले, त्याच दिवशी आमच्या आहेराच्या वहीत एकसष्ट खोडून एक लिहिला होता. तुझा आहेर फिटला बरं का. माझ्याकडे तुझं काही नाही, तुझ्याकडे माझं काही नाही." पितांबरने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सुमनबाईने तो रुपया बाकीच्या पैशांत मिसळला नाही. पदराच्या टोकाला वेगळी गाठ मारली.

आता माझ्यापेक्षा जोरात बोलणारे नवे डबे आले आहेत. मी परसात पडून असतो, आणि माझ्यात कोंबडी. तुमच्यापैकी कोणी कधी मला साफ करायला आलात तर दोन गोष्टी पाळा. आधी तिची पिल्ले बाहेर पडू द्या. आणि रॉकेलचा बोळा सगळीकडे फिरवा, पण आत उजव्या बाजूला एक फिकट निळी ओळ आहे, तिच्यावर नको. ती येणे नाही, ती माझी आठवण आहे.

आणि उद्या कधी भर मांडवात कोणी तुमचे नाव पुकारले, पाचशे माणसे हसली, कान लाल झाले, तर घाई करू नका. आधी खिशातला रुमाल कोणाचा आहे ते बघा. त्यातले साठ दुसऱ्यांचे असतील, तर वरच्या खिशातला एक रुपया काढा आणि द्या. मित्रांनो, तो एक रुपयाही मी एवढ्याच मोठ्याने सांगेन.